माडीवरच्या खिडक्या आणि लहान मुलं : गज, ग्रिल, जाळी, स्टॉपर (खाऱ्या हवेचा विचार करून)

चिरेबंदी

मे महिन्यात आणि गणपतीत गावची घरं भरतात. वर्षभर बंद असलेली माडी उघडली जाते, वारा यावा म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकल्या जातात आणि त्याच खोलीत दीड-दोन ते पाच वर्षांची मुलं खेळत असतात. जुन्या माडीच्या खिडक्या जमिनीवर बसून बाहेर बघता यावं अशा बांधलेल्या, त्यामुळे कट्टा जमिनीपासून फूट-दीड फुटावरच. तालुक्याच्या गावात आता फ्लॅट झालेत, तिथे अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. दोन्हीकडे धोका आहे, उपाय मात्र वेगवेगळे आहेत. त्यासाठी हा धागा. कोकणात काय टिकतं आणि काय सडतं ते माहीत असलेल्यांनी नेमकं लिहावं.

सुरुवात मी करतो. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं. पोट कट्ट्याला टेकवून ते बाहेर वाकलं की तोल डोक्याच्या बाजूने जातो, आणि स्वतःला मागे खेचण्याएवढी ताकद त्याच्या हातात नसते. यात ओरडायलाही वेळ मिळत नाही. मोठं माणूस खोलीत असूनसुद्धा असे अपघात होतात. त्यामुळे ‘लक्ष ठेवू’ हा उपाय धरायचाच नाही. लक्ष ठेवायचंच, पण खिडकी अशी हवी की कुणाची नजर चुकली तरी मूल बाहेर जाणार नाही.

टेप घेऊन तीन मापं काढा. पहिलं, जमिनीपासून कट्ट्याची उंची. ती एक मीटरपेक्षा कमी असेल तर त्या खिडकीला पूर्ण उंचीचे गज किंवा ग्रिल हवंच. दुसरं, दोन गजांमधली मोकळी फट. मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं नाही. एका गजाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजायचं. ही फट १० सेंटिमीटरच्या आत हवी. लहान मूल आधी पाय, मग धड बाहेर काढतं आणि डोकं अडकून लटकतं, म्हणून डोकं जात नाही एवढं पाहून भागत नाही. अमेरिकेतल्या इमारत नियमांत कठड्यासाठी ४ इंची गोळा आरपार जाता कामा नये अशी चाचणी आहे. घरी १० सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा कापून प्रत्येक फटीत घालून बघा. जुन्या गजांची अंतरं एकसारखी नसतात, शेवटचा गज आणि चौकट यांच्यातली फट तर हमखास मोठी असते.

तिसरं माप खिडकीपासून सर्वांत जवळच्या सामानाचं. दिवाण, खुर्ची, ट्रंक, अभ्यासाचं टेबल यांतलं काहीही खिडकीखाली असेल तर कट्ट्याची उंची तेवढी कमी झाली असं समजा.

आबोली

चांगला विषय. रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. तीन ट्रॅकची सरकती खिडकी, दोन काचा आणि एक मच्छरदाणीची झडप. जाळी कायम लावलेली असते. ग्रिल नाही. मुलगी सव्वा दोन वर्षांची. जाळी पुरेशी नाही का?

रापण

आबोलीताई, नाही. कृपया आजच मनातून काढून टाका.

ही जाळी बहुतेक ठिकाणी फायबरग्लासची असते आणि चौकटीच्या खाचेत रबरी दोरी दाबून बसवलेली असते. डासाला अडवणं एवढंच तिचं काम. दोन वर्षांच्या मुलाने पाठ टेकवली तरी रबर खाचेतून सुटतं आणि जाळी एका कोपऱ्यातून निघते. स्टीलची जाळी लावली तर ती फाटणार नाही, पण पूर्ण झडपच ट्रॅकमधून निसटू शकते, कारण ती हलकी असते आणि वरच्या ट्रॅकमध्ये जेमतेम अडकलेली असते. वेल्क्रो आणि चुंबकाच्या जाळ्या तर त्याहून कमजोर. जाळीमुळे आपण निर्धास्त होतो आणि काच उघडी ठेवतो, म्हणून जाळी असलेली खिडकी जास्त घातक.

ग्रिल होईपर्यंत स्टॉपर लावा. खिडकी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकू नये असा अडथळा म्हणजे स्टॉपर. दोन गोष्टी लोक विसरतात. एक, दोन्ही काचा सरकतात, म्हणून दोन्ही झडपांना स्टॉपर हवा. एकीला लावून दुसरी मोकळी ठेवली तर काम शून्य. दोन, झडप वर उचलून ट्रॅकबाहेर काढता येते. त्यासाठी वरच्या ट्रॅकमध्ये झडपेच्या वर अॅल्युमिनियमचा छोटा तुकडा स्क्रूने बसवायचा, म्हणजे उचलायला जागाच उरत नाही. मोठी मुलं खेळताखेळता झडप उचलतात.

हाताने पिळून घट्ट करायचे क्लिप-स्टॉपर बाजारात मिळतात. ते सुरुवातीला पकडतात, पण ट्रॅकवर मीठ आणि धूळ बसली की घसरतात. चार-सहा आठवड्यांपेक्षा जास्त त्यांच्यावर विसंबू नका. पक्का स्टॉपर स्क्रूनेच लावावा. स्क्रू ट्रॅकच्या उभ्या भिंतीत घ्यायचा, तळात नाही. तळात भोक पाडलं की पावसाळ्यात ट्रॅकमधलं पाणी थेट भिंतीत उतरतं. ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायला जी भोकं असतात तीही बुजवू नका. साधा लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतो आणि अॅल्युमिनियमही खातो. ३१६ स्टीलचा स्क्रू, खाली नायलॉनचा वॉशर.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये १० सेंटिमीटर फटीतून वारा पुरत नाही, आणि लाईट गेली की रात्री कुणीतरी स्टॉपर काढणारच. म्हणून कायमचं उत्तर ग्रिलच.

आबोली

समजलं. तोपर्यंत खिडकी बंदच ठेवते. ग्रिल कसलं घ्यावं? स्टील सांगू का?

रापण

स्टील म्हणजे कुठलं, हे आधी विचारा. बाजारात २०२, ३०४ आणि ३१६ हे तीन ग्रेड मिळतात. २०२ दिसायला चकाचक, दर कमी, पण समुद्राकाठी एका पावसाळ्यात तांबूस ठिपके आणि मग खड्डे. ३०४ सुद्धा मिऱ्या, भाट्ये, गुहागर, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यालगत डागाळतं. ३१६ मध्ये सुमारे २ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते क्षाराला बऱ्यापैकी तोंड देतं. ‘चुंबक चिकटत नाही म्हणजे चांगलं स्टील’ असं दुकानात सांगतात, त्यावर जाऊ नका. २०२ लाही चुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

समुद्रापासून दोन-चार किलोमीटर आत असाल तर साधं लोखंडही चालतं, फक्त बनवताना काळजी हवी. १२ मिलिमीटरचे चौरस भरीव गज, ९ सेंटिमीटर मोकळी फट, वर-खाली २५ बाय ६ ची पट्टी. गज पट्टीला भोक पाडून आरपार घालायचे आणि चारही बाजूंनी वेल्डिंग करून घ्यायचं. नुसता ठिपका मारून सोडलं तर मधल्या चिरेत खारं पाणी बसतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. पोकळ पाइप टाळा. तो आतून गंजतो, बाहेरचा रंग शाबूत दिसतो आणि एक दिवस हातात येतो. रंगाआधी लोखंड घासून चकचकीत करायचं, मग झिंक फॉस्फेट किंवा रेड ऑक्साइड प्रायमर, मग रंगाचे दोन हात. गज भिंतीत किंवा चौकटीत जिथे शिरतो तिथे सीलंट भरायचं.

नक्षी नको. गोल, फुलं, आडव्या पट्ट्या म्हणजे मुलांसाठी पायऱ्या. पूर्ण उंचीचं ग्रिल असेल तर त्यावर चढून मूल बाहेर पडणार नाही, पण आत फरशीवर पडेल. आणि अर्ध्या उंचीचं ग्रिल किंवा गॅलरीचा कठडा असेल तर आडव्या पट्ट्या थेट जीवघेण्या. उभे गज घ्या. उंची चार फुटांपेक्षा जास्त असेल तर गज वाकू नयेत म्हणून मध्ये एक आडवी पट्टी लागते, ती शक्य तेवढी वर द्या.

बाहेर काढलेल्या पेटी-ग्रिलबद्दल एक. त्यात कुंड्या ठेवतात, मग मुलं त्यात जाऊन बसतात. कुंडीचं झिरपणारं पाणी तळाच्या पट्ट्या खातं, आणि सगळं वजन भिंतीतल्या चार-सहा बोल्टांवर येतं. मूल आत बसू शकेल असं पेटी-ग्रिल असेल तर खिडकीच्या प्रतलात वेगळे गज द्या.

कातळ

रापण यांनी गजांचं सगळं लिहिलं. मी भिंतीचं लिहितो, कारण आपल्याकडे गज तुटून नाही तर पकड सुटून ग्रिल जातं.

जांभ्याची भिंत असेल तर प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू हा प्रकार करूच नका. चिरा (जांभ्याचा कापलेला दगड) सच्छिद्र, आत पोकळ्या. हॅमरवर ड्रिल चालवलं की भोक हवं त्याच्या दीडपट होतं आणि गिट्टी नुसती फिरत राहते. अँकर फास्टनर आवळताना फुगतो आणि कडेजवळचा चिरा फोडतो. केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट) चालतो, पण नुसता भरला तर रसायन पोकळीत निघून जातं. त्यासोबत मिळणारी जाळीची नळी आधी भोकात घालावीच लागते. हॅमर बंद करून नुसतं फिरवून ड्रिल करायचं, आणि भोक ब्रशने आणि फुंकणीने साफ करायचं.

सर्वांत भरवशाची पद्धत जुनीच आहे. ग्रिलच्या चौकटीला प्रत्येक बाजूला होल्डफास्ट (भिंतीत गाडायच्या लोखंडी पट्ट्या) वेल्ड करायचे, टोक मध्ये चिरून दोन्हीकडे वाकवलेले. भिंतीत साधारण ४ बाय ४ इंच रुंद आणि ६ इंच खोल खळगा काढायचा. खळगा ओला करून १:२:४ काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी) भरायचं, खडी १० मिलिमीटरची. सात दिवस पाणी मारायचं. मिस्त्री दुसऱ्या दिवशी टेकू काढायला निघतो, त्याला थांबवा. खाडीची वाळू या कामाला अजिबात नको, तिच्यातलं मीठ होल्डफास्ट आतून खाऊन टाकतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात ज्या घरांच्या खिडक्या खिळखिळ्या झाल्या, त्यांतल्या काही अजूनही नुसत्या प्लास्टर मारून ठेवल्या असतील. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये केसासारखी भेग दिसली तर चौकटीवर हात ठेवून दाबून बघा. हलली तर ग्रिल त्या चौकटीवर नको, भिंतीवर घ्या.

सुरंगी

इनव्हिजिबल ग्रिलबद्दल (गजांऐवजी बारीक तारा ताणून बसवतात ते) काय मत? समुद्र दिसतो म्हणून गॅलरीला तेच लावायचं मनात आहे. कंपनीचा माणूस म्हणतो ३१६ ची तार आहे.

रापण

तार ३१६ असली तरी टोकं बघा. नायलॉनचं आवरण जिथे कापतात तिथे तार उघडी पडते, आणि ती टोकं ज्या अॅल्युमिनियमच्या पट्टीत अडकवतात तिचे स्क्रू अनेकदा साधे असतात. खारी हवा तिथेच घुसते. दुसरं, ही सगळी पद्धत ताणावर चालते. दोन तारांमधलं अंतर दोन इंच असलं तरी ताण उतरला की त्या हाताने फाकवता येतात. बसवून झाल्यावर दोन शेजारच्या तारा दोन्ही हातांनी जोरात बाजूला करा आणि त्या स्थितीत १० सेंटिमीटरचा ठोकळा घालून बघा. जातोय तर पैसे देऊ नका. हीच चाचणी दर सहा महिन्यांनी.

कातळ

रापण, मी याहून कडक बोलेन. जांभ्याच्या भिंतीत इनव्हिजिबल ग्रिल लावूच नये. पंधरा-वीस तारांचा एकत्रित ताण पट्टीच्या स्क्रूंवर चोवीस तास असतो. चिऱ्यात स्क्रू तसाच टिकत नाही, त्यात सततची ओढ. काँक्रीटचा कॉलम आणि बीम असलेली गॅलरी असेल तरच विचार करा.

रापण

चिऱ्याबद्दल मान्य. सुरंगीताईंची गॅलरी इमारतीत आहे असं धरून मी लिहिलं होतं. तरीही त्यांना माझा सल्ला उभ्या गजांचाच. समुद्र उभ्या गजांमधूनही दिसतो.

आणि पक्ष्यांची नायलॉन जाळी हा पर्याय मुलांसाठी धरू नका. उन्हाने ती ठिसूळ होते, आणि आपल्याकडे माकडं ओढून हुकातून काढतात.

सुतारपक्षी

जुन्या लाकडी खिडक्यांविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून.

चार झडपांची खिडकी असेल, दोन खाली, दोन वर, तर नशीबवान आहात. खालच्या दोन झडपा कायम बंद करायच्या आणि वरच्या उघड्या ठेवायच्या. वारा वरून येतो आणि मूल खालून जात नाही. खालच्या झडपांना आतून टॉवर बोल्ट असतो, पण तो मुलाच्या हाताला लागेल एवढ्याच उंचीवर. बोल्टच्या दांडीला भोक पाडून त्यात पितळी पिन घाला, किंवा दोन्ही झडपांवर मिळून एक लाकडी पट्टी चार स्क्रूंनी मारा. मुलं मोठी झाली की पट्टी काढता येते, खिडकी बिघडत नाही.

आता गज. लाकडी चौकटीतले जुने लोखंडी गज वरून धडधाकट दिसतात. खरी जागा म्हणजे खालच्या लाकडात गज शिरतो ते भोक. पावसाचं पाणी गजावरून ओघळून तिथे साचतं. भोकाभोवती काळं कडं दिसलं, लाकडाला गजाच्या रेषेत चीर गेलेली दिसली, तर गंज फुगून लाकूड फाडतोय असं समजा. बारीक स्क्रूड्रायव्हरचं टोक गज आणि लाकूड यांच्यामध्ये दाबा. टोक आत गेलं आणि तांबडी पूड बाहेर आली तर तो गज नाहीच असं धरा. मग गज दोन्ही मुठींत धरून पिळा. चांगला गज हलत नाही. फिरला, तर वर उचलून बघा. अनेकदा तो वर सरकून खालून सुटतो. असे दोन गज शेजारी शेजारी असले तर मधली जागा मोठ्या माणसाला पुरते.

चौकट फणसाची किंवा सागाची असेल आणि लाकूड घट्ट असेल तर नुसता गज बदला. चौकटीत वाळवी किंवा भुंगा असेल तर चौकटीत नवा गज बसवण्यात अर्थ नाही, आतल्या बाजूने भिंतीवर ग्रिल घ्या, कातळ यांनी सांगितलं तसं.

गजांमध्ये पाच-सहा इंच फट असेल तर प्रत्येक दोन गजांच्या मध्ये एक नवा गज घालता येतो. वरच्या लाकडात भोक दीड इंच खोल, खालच्यात पाऊण इंच. गज आधी वर ढकलायचा, मग खाली बसवायचा, आणि पुन्हा वर सरकू नये म्हणून खालच्या लाकडातून आडवा स्क्रू.

आबोली

गणपतीआधी रंगकाम असतं तेव्हा रंगारी ग्रिल काढून ठेवतात. आमच्या इमारतीत आता तेच चाललंय.

चिरेबंदी

हे फार महत्त्वाचं. ग्रिल काढलं त्या क्षणापासून ते परत बसेपर्यंत ती खोली मुलांसाठी बंद. दाराला वरची कडी, मुलाचा हात न पोचणारी. आणि बाहेर परांची बांधलेली असेल तर मुलांना ती खेळायची जागा वाटते. रंगाऱ्याला आधीच सांगा की एका वेळी एकाच खोलीचं ग्रिल काढायचं आणि संध्याकाळी बसवूनच जायचं.

गणपतीतली आणखी एक गोष्ट. पाहुण्यांच्या गाद्या सकाळी गुंडाळून भिंतीला लावतात, आणि भिंत मोकळी असते ती खिडकीखालची. तीन गाद्यांची चळत म्हणजे दोन फूट उंची. गाद्या आतल्या भिंतीला लावा. ट्रंका, पाट, ताशा-ढोलकी यांनाही हेच लागू.

सुरंगी

पण सगळीकडे गज ठोकले आणि आग लागली तर? माडीला जिना एकच असतो, तोही लाकडी.

रापण

योग्य प्रश्न. प्रत्येक मजल्यावर, शक्य असेल तर प्रत्येक झोपायच्या खोलीत, एका ग्रिलला उघडणारं दार हवं. निदान ६० बाय ६० सेंटिमीटर, म्हणजे मोठं माणूस मुलाला घेऊन बाहेर पडू शकेल. बिजागऱ्या आतून पिन काढता येणार नाही अशा. कुलूप पितळी, आणि किल्ली त्याच खोलीत, खिडकीच्या बाजूला साडेपाच फुटांवर खिळ्याला. किल्ली खाली देवघरात किंवा कुणाच्या कमरेला असेल तर ते दार नसल्यातच जमा. घरात आलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, पाहुण्यालासुद्धा, किल्ली कुठे आहे ते दाखवा. कुलूप महिन्यातून एकदा उघडून बघा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. खाऱ्या हवेत न वापरलेलं कुलूप जाम होतंच.

इनव्हिजिबल ग्रिल असेल तर तार कापायचं कटर त्याच खिळ्याला.

भरती_ओहोटी

न्यूयॉर्क शहरात हा प्रश्न आरोग्य खात्याने हातात घेतला. १९७२ मध्ये ब्राँक्समध्ये घरोघर माहिती देणं आणि खिडक्यांना मोफत गार्ड पुरवणं सुरू झालं, आणि १९७६ मध्ये नियमच झाला : तीन किंवा अधिक घरांच्या इमारतीत, १० वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल तर मालकाने खिडक्यांना गार्ड लावायचे. पडण्याचे प्रकार घटले. आपल्या सोसायट्यांनी निदान ‘बाहेरून एकसारखं दिसलं पाहिजे’ म्हणून ग्रिल अडवू नये. परवानगी मिळत नसेल तर काचेच्या आतल्या बाजूने ग्रिल लावा, त्याला दर्शनी भागाचा मुद्दाच येत नाही.

काचेबद्दलही. जमिनीपर्यंत काच असलेल्या खिडकीला टफन्ड काच ‘सेफ्टी’ म्हणून विकतात. ती फुटली की दाण्यांसारखी गळून पडते, म्हणजे जखम कमी होते पण समोर मोकळं भगदाड राहतं. वरच्या मजल्यावर लॅमिनेटेड काच घ्या. ती तडकली तरी मधल्या थरामुळे जागेवर राहते.

डॉक्टर_वेंगुर्ला

प्रतिबंधाचं सगळ्यांनी नीट लिहिलंय, पण पडल्यावर काय करायचं हेही इथे असावं. मूल वरच्या मजल्यावरून पडलं तर पहिली प्रतिक्रिया उचलून कुशीत घेण्याची असते. ते करू नका. मणक्याला मार असेल तर उचलताना तो वाढतो. जिथे आहे तिथेच ठेवा, डोकं आणि मान दोन्ही हातांनी सरळ धरा, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. श्वास चालू आहे का ते बघा. उलटी होत असेल तर डोकं, मान आणि धड एकाच वेळी, एका रेषेत, कुशीवर वळवा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. पाणी, साखर, दूध काही देऊ नका.

मूल लगेच उठून रडायला लागलं, मग खेळायला लागलं, तरी दवाखान्यात न्यायचंच. डोक्यातला रक्तस्राव काही तासांनीही कळतो. वारंवार उलटी, गुंगी, झटके, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव, एक हात किंवा पाय न हलवणं, यांतलं काहीही दिसलं तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच पाठवायला सांगा, मध्ये वेळ घालवू नका.

पडद्याच्या दोऱ्यांचंही बघा. ब्लाइंडची लोंबती साखळी किंवा दोरीचा फास मुलाच्या गळ्यात अडकतो. दोरी जमिनीपासून पाच फुटांवर खुंटीला गुंडाळून ठेवा, पाळणा आणि पलंग तिच्यापासून लांब.

आबोली

डॉक्टर, आभार. रापण, शेवटचा प्रश्न. घर भाड्याचं आहे. मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. सरकत्या खिडकीला भोकाशिवाय काय करता येईल?

रापण

ट्रॅकच्या रुंदीची सागाची पट्टी कापून घ्या. खिडकी १० सेंटिमीटर उघडी ठेवा आणि सरकत्या झडपेच्या समोर ट्रॅकमध्ये उरलेली लांबी मोजून पट्टी बरोबर तेवढी कापा, एखाद मिलिमीटर कमी. पट्टी ट्रॅकमध्ये आडवी टाकली की झडप पुढे जाऊच शकत नाही. दोन ट्रॅक, दोन पट्ट्या. पट्टी मुलीने उचलून काढू नये म्हणून ती ट्रॅकच्या कडांच्या खाली, खोल बसली पाहिजे. वर बोटभरही येऊ देऊ नका. गरज पडली की काढता यावी म्हणून पट्टीच्या टोकाजवळ बारीक भोक पाडून ठेवा, त्यात वाकवलेली तार घालून ओढायची. तार कपाटावर ठेवा. लाकूड पावसाळ्यात फुगतं, म्हणून जूनआधी पट्टीला वॉर्निशचे दोन हात द्या, नाहीतर ती ट्रॅकमध्ये अडकून बसेल.

झडप उचलता येऊ नये म्हणून वरच्या ट्रॅकमधली मोकळी जागा भरायची राहते. तिथे जाड रबराचा तुकडा दाबून बसवा, भोक लागत नाही. बसवल्यावर झडप दोन्ही हातांनी वर उचलून बघा.